मदत हवी आहे: शून्य बिल यायचं, या महिन्यात एकदम सतराशे! वीज जातेय कुठं?

अनगोळची_सून
कुणीतरी लवकर सांगा. गृहज्योती, म्हणजे आपल्या कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना, सुरू झाल्यापासून आमचं बिल शून्यच यायचं. या महिन्यात सतराशेच्या वर आलंय. घरात एसी नाही, नवीन काही घेतलेलं नाही, दिवे सगळे एलईडी. खोलीखोलीत जाऊन मी स्वतः बटणं बंद करते. मिस्टर म्हणतात मीटरच बिघडलाय, अर्ज देऊया. वीज वाचवायचे साधे उपाय सांगा, पण पुढच्या बिलात फरक दिसेल असे.

निपाणीचा_तात्या
पंखे बदला ताई. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा पंखा तीसच्या आत. दिवसाला दहा तास धरा, एका पंख्यामागं महिन्याला 13-14 युनिट वाचतात. मी चारही बदलले, पैसे वसूल झाले.

खानापूरवाला
तात्या, डिसेंबरात पंखा कोण लावतंय? आमच्याकडं सकाळी दातावर दात वाजतात. ताई, रुपयांवरून काही कळायचं नाही. युनिट किती आले? माणसं किती? अंघोळीचं पाणी कशावर तापवता? मोटार आहे का?

अनगोळची_सून
माणसं चारच. पाणी गिझरवर, पण सकाळी अर्धाच तास. मोटार आहे, पाणी येतं त्या दिवशी वीस मिनिटं. बिल कन्नडमध्ये आहे, युनिट नेमके कुठं बघायचे?

तारा_जोडणारा
मी वायरिंगची कामं करतो. बिलावर आत्ताचं आणि मागचं रीडिंग असे दोन मोठे आकडे एकाखाली एक असतील, त्यांची वजाबाकी करा.

पुण्यातला_भाऊ
आमच्याकडे 100 युनिटपर्यंत एक दर, त्यापुढे 300 पर्यंत दुसरा. 100 च्या आत राहायचा प्रयत्न करा, खूप फायदा होतो.

खानापूरवाला
भाऊ, ते महाराष्ट्रातलं. इकडं हिशोब वेगळा आहे, ताईंचा गोंधळ होईल.

अनगोळची_सून
214 आले. मागच्या महिन्यात 176 होते. म्हणजे 38 जास्त. मग पैसे सगळ्याचे कसे?

तारा_जोडणारा
2022-23 ची तुमची महिन्याची सरासरी अधिक 10 टक्के, एवढे युनिट तुमच्या हक्काचे. त्यावर गेलात पण 200 च्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. 200 ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायचं. तुम्ही 14 युनिटांनी गेलात. मीटर बिघडलाय असं मला वाटत नाही, 38 युनिट कुठंतरी खरंच जळालेत.

उचगावकरीण
गिझर काढून टाका आणि बंब आणा. आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. नारळाच्या शेंड्या आणि काटक्या घातल्या की सहा जणांच्या अंघोळी होतात, विजेचा प्रश्नच नाही. त्या पाण्याला जो वास असतो, तो गिझरच्या पाण्याला कधी आला नाही.

निपाणीचा_तात्या
धुराचं काय? शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. माझी आई वीस वर्षं तो धूर गिळत होती, तिचा खोकला मी ऐकलाय. बंब कुणाला सुचवू नका.

उचगावकरीण
आमचा बंब मागच्या अंगणात उघड्यावर आहे, घरात धूर येत नाही. पण तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं.

छतावरचा_सूर्य
केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सौर पॅनेल बसवा. 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. विषय कायमचा संपतो.

खानापूरवाला
14 युनिटांसाठी पॅनेल? आधी गळती तर सापडू दे. ताई, एका माणसाच्या 15 लिटर गरम पाण्याला साधारण 0.44 युनिट लागतात. चौघांचे महिन्याला 50 च्या आसपास. थंडीत पाणी जास्त गार असतं, थोडे वाढतील. पण 38 वाढणार नाहीत. घरात कुणी पाहुणे आहेत का?

अनगोळची_सून
पाहुणे नाहीत. आई आलीय गावाहून, महिना झाला. पण ती काय पाहुणी आहे? तिचे गुडघे दुखतात म्हणून मागच्या न्हाणीतला जुना गिझर तिला लावून देतो. तो मीच बंद करते.

तारा_जोडणारा
हेच आधी सांगायचं होतं ताई! आता एक करा. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगही काढा, फक्त मेन चालू ठेवा. मीटरवर एक बारीक लाल लाईट लुकलुकते. मीटरवर 3200 असा आकडा छापलेला असेल, तर 3200 वेळा लुकलुकली की एक युनिट. सगळं बंद असताना अजिबात लुकलुकता कामा नये. अर्धा-पाऊण तास अधूनमधून बघत राहा. दोन मिनिटांत उठू नका.

घरचं_जेवण
डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावा, शिट्ट्या कमी लागतात. गॅस फार वाचतो.

वडगावचा_विणकर
मागाच्या खोलीतल्या 40 वॅटच्या सहा ट्यूब काढून 20 च्या एलईडी पट्ट्या लावल्या. उजेड जास्त, धागा तुटलेला लगेच दिसतो. पण मागाच्या मोटारीला कितीची वायर घालावी हे इथं कुणी सांगेल का?

तारा_जोडणारा
मोटारीवरची पाटी वाचून आकडे वेगळ्या धाग्यात टाका, सांगतो.

अनगोळची_सून
सापडलं! स्टूल घेऊन मीटरखाली बसले. पहिली वीस मिनिटं लाईट गप्प. मिस्टर म्हणाले, ऊठ आता. तेवढ्यात सुरू झाली. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला 107. चारेक मिनिटांनी बंद.

तारा_जोडणारा
2000 वॅटचा गिझर. मिनिटाला बरोबर तेवढेच ठोके पडतात. पाणी गार झालं की त्यातला थर्मोस्टॅट आपोआप तो मधेच चालू करतोय.

अनगोळची_सून
होय, मागच्या न्हाणीतलाच. त्याच्या बटणातला तांबडा दिवा गेलाय. बटण उलटं बसवलंय, खाली केलं की बंद होतं. मी सगळ्या बटणांसारखं वर करत होते. महिनाभर तो रात्रंदिवस चालू होता. त्यात गरम पाण्याचा नळ थेंब थेंब गळतोय. आई म्हणाली, "मी रोज बादली लावते की खाली, पाणी कशाला वाया घालवायचं?" रात्री लावलेली बादली सकाळी अर्धी भरलेली असते. त्या पाण्यानं ती भांडी विसळायची. तिला वाटलं आम्हाला माहीत असेल.

खानापूरवाला
अर्धी बादली म्हणजे आठ लिटर धरा. दिवस-रात्र मिळून वीस-बावीस. तेवढं पाणी तापवायला रोज एक युनिटच्या आसपास. वर टाकी सतत गरम ठेवायची वीज वेगळी. 38 चा हिशोब लागला.

निपाणीचा_तात्या
नळाचं वायसर पाच-दहा रुपयांचं. उन्हाळ्यात मात्र पंख्यांचं बघा ताई.

अनगोळची_सून
वायसर बदललं, बटणही सरळ बसवून घेतलं. बिल भरलं, मीटरचा अर्ज दिला नाही. काल सकाळी सातला रीडिंग लिहिलं, आज सातला पुन्हा. 5.6 युनिट. आईला तिची अंघोळ रोजच्यासारखी मिळतेय. कॅलेंडरवर रोजचा आकडा आता तीच लिहून ठेवते.