विषय: स्पेशल नीड्स ट्रस्टमध्ये पैसे आहेत, पण वापरायचे कसे?

नमस्कार मंडळी,
आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीत एडिसनला असतो. लेकीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे हालचालींवर परिणाम होणारं अपंगत्व) आहे. ती 18 ची झाल्यावर तिला एसएसआय (कमी उत्पन्नाच्या अपंगांना सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे) मंजूर झालं आणि त्याबरोबर मेडिकेडही (सरकारी आरोग्य विमा) मिळालं. स्पेशल नीड्स ट्रस्ट, म्हणजे सरकारी मदत न जाता तिच्यासाठी पैसे वेगळे ठेवायची कायदेशीर सोय, ती लहान असतानाच वकिलाकडून करून घेतला होता, त्यात आम्ही दोघं आणि माझा भाऊ जमेल तसे पैसे टाकत आलो. आता खरी गरज पडतेय, व्हीलचेअर आत जाईल अशी बाथरूम करायचीय, इन्शुरन्सने स्पीचची सेशन्स कमी केलीत, संध्याकाळी तिच्याजवळ कोणीतरी हवंय. पण घरात सगळ्यांना धास्ती की ट्रस्टला हात लावला तर एसएसआय बंद होईल, तिच्या स्वतःच्या नावावर 2,000 डॉलरच्या वर पैसे नकोत, त्या लिमिटचं इतकं ऐकलंय ना. त्यात आई पुण्याहून फोनवर विचारत असते की नातीच्या नावाने एफडी करून ठेवू का. कोणी प्रत्यक्ष ट्रस्ट चालवत असेल तर प्लीज लिहा.
– अ. (एडिसन)

---

दादा,
वापरा. अगदी निर्धास्तपणे वापरा, ट्रस्ट त्याचसाठी असतो. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता मोठा झालाय, ट्रस्टी मी आणि माझी बहीण. मी वकील नाही, पण हे रोजचं काम आहे म्हणून लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं, पैसे तिच्या हातात किंवा तिच्या बँक अकाउंटला द्यायचे नाहीत. ट्रस्टच्या अकाउंटमधून थेट थेरपिस्टला, कॉन्ट्रॅक्टरला, दुकानाला पेमेंट करायचं. रोख दिली की ती तिची कमाई धरतात आणि एसएसआय जवळजवळ तेवढ्यानेच कमी होतं. पण हेच पैसे ट्रस्टने परस्पर भरले तर स्पीच, ओटी (रोजची कामं शिकवणारी थेरपी), दाताचं काम, बोलायला मदत करणारा टॅबलेट, व्हॅनला लावायचा रॅम्प, समर कॅम्प, फोन आणि इंटरनेटचं बिल, यातलं काहीच एसएसआयच्या हिशेबात येत नाही. तुमची बाथरूमसुद्धा नाही. घर तुमच्या नावावर असेल तर ट्रस्टच्या कागदात अशा कामाला मुभा आहे ना एवढं वकिलाकडून बघून घ्या.

किराण्याचं आता सोपं झालंय. पूर्वी दुसऱ्याने जेवणाखाण्याचा खर्च केला की एसएसआय कापायचे, 30 सप्टेंबर 2024 पासून ते बंद झालं. म्हणजे तिचं वाणसामान, डबा, ट्रस्टने भरला तरी चालतो. खूप जुने लेख अजून उलटं सांगतात, त्यामुळे लोक उगीच घाबरून बसतात.

राहण्याचा खर्च मात्र अजून मोजतात. भाडं, मॉर्गेज, प्रॉपर्टी टॅक्स, वीज, गॅस, पाणी, कचरा हे ट्रस्टने भरलं तर एसएसआय साधारण एक तृतीयांशापर्यंत कमी होतं. 2026 ला पूर्ण रक्कम महिन्याला 994 डॉलर आहे. म्हणून आम्ही काय करतो, मुलाशी रीतसर भाडेकरार केलाय, त्याचा एसएसआयचा पैसा आधी खोलीच्या भाड्याला जातो आणि बाकी सगळं ट्रस्ट बघतो. त्याच्या अकाउंटलाही शिल्लक साचत नाही, 2,000 च्या वर जायचा प्रश्नच येत नाही. (हे लिमिट 1989 पासून तेवढंच आहे, राग येतो खरंच, महागाई कुठे गेली आणि हे लोक कुठे.)

संध्याकाळच्या माणसाचं म्हणाल तर एजन्सीकडून घ्या, पेरोल टॅक्सची कटकट ते बघतात. स्वतः कोणाला ठेवलं तर डब्ल्यू-2 (पगाराचा टॅक्स फॉर्म) वगैरे ट्रस्टच्या गळ्यात. आणि प्रत्येक पावती ठेवा, कधी तुम्ही खिशातून भरलंत आणि मग ट्रस्टकडून घेतलंत तर कोणत्या वस्तूचे, कधीचे, सगळं लिहून ठेवा. सोशल सिक्युरिटीला (एसएसआय देणारं सरकारी खातं) बदल कळवायचे ते पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत.

आता आजींची एफडी. त्यांना आजच फोन करा आणि नको म्हणून सांगा. नातीच्या नावाने पैसा आला की तो तिचा झाला, भारतातला असला तरी, काढता येत असेल तर मोजला जातो. मग तो वाचवायला वेगळा फर्स्ट पार्टी ट्रस्ट (तिच्याच पैशाचा) लागतो, आणि त्यात तिच्यामागे जे उरेल त्यातून आधी मेडिकेड आपला खर्च वसूल करतं. तुम्ही घातलेल्या पैशाच्या ट्रस्टला ती अट नाही, उरलेलं तुम्ही लिहाल त्याला जातं. म्हणून तिचा स्वतःचा पैसा या ट्रस्टमध्ये मिसळूसुद्धा नका. आजींनी मृत्युपत्रात तुमचं नाव घालावं, तुम्ही मग ट्रस्टमध्ये टाका. पुण्यातल्या वकिलाला नीट समजावून सांगा, त्यांना आजीची माया कळते पण मेडिकेड माहीत नसतं. तुमचा 401(के) (नोकरीतलं रिटायरमेंट अकाउंट) आणि लाइफ इन्शुरन्स, तिथेही बेनिफिशरी म्हणून मुलगी नको, ट्रस्ट.
– मी. (प्लेनफिल्ड)

---

मीताई, छान लिहिलंत. भाड्याबद्दल थोडं जोडतो. आमची बहीण अपार्टमेंटमध्ये राहते, तिथे घरगुती भाडेकराराचा उपयोग नाही, भाडं मोठं आहे. आम्ही ट्रस्टमधून आधी तिच्या एबल अकाउंटला (अपंग व्यक्तीच्या नावाने असलेलं खास बचत खातं) पैसे टाकतो आणि तिथून त्याच महिन्यात भाडं भरतो. ट्रस्टने एबलला दिलेलं तिची कमाई धरत नाहीत आणि तिथून गेलेल्या भाड्यासाठी एसएसआय कापत नाहीत. अपंगत्व 26 च्या आधी सुरू झालेलं असण्याची अट होती, जानेवारी 2026 पासून ती 46 केलीय, त्यामुळे आधी नाकारलेल्यांनी परत बघा. मात्र दरवर्षी किती टाकता येतात त्याला मर्यादा आहे, आणि 1 लाख डॉलरपर्यंतच एसएसआय दुर्लक्ष करतं. तिथे पैसा साठवू नका, काही राज्यांत तिच्या मृत्यूनंतर उरलेल्या रकमेवर मेडिकेड हक्क सांगू शकतं.
– वि. (प्रिन्स्टन)

---

ताई, काका, मनापासून आभार. आईला आत्ताच फोन केला, थोडी रुसली, मग म्हणाली तुला देते तू बघ. एक राहिलं, दिवाळीला दीड महिना पुण्याला न्यायचा विचार आहे, तिकीट ट्रस्टने काढलं तर?
– अ.

---

तिकीट काढा, पण नॉन-रिफंडेबल, पैसे परत मिळणारं असेल तर ते तिची कमाई ठरू शकतं. बरोबर तुम्हाला जावं लागणारच, तिची काळजी घ्यायला, तर तुमच्या तिकिटाचंही बघता येईल, त्याआधी कागद वाचा. खरी अडचण दीड महिन्याची आहे. अमेरिकेबाहेर सलग 30 दिवस राहिली की एसएसआय थांबतं, आणि परत आल्यावर इथे सलग 30 दिवस झाल्याशिवाय सुरू होत नाही. न्यू जर्सीत वयाच्या 21 नंतर डीडीडीच्या (अशा प्रौढांना मदत देणारं राज्याचं खातं) सर्व्हिसेसला मेडिकेड लागतंच, त्यामुळे मध्ये खंड पडायला नको. चार आठवड्यांच्या आत बसवा, आणि जायची-यायची तारीख सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसला आधी कळवा. परतीचे बोर्डिंग पास जपून ठेवा.
– मी.