पुरुष 'डॉम', बाई 'सब' हा म्हणे निसर्ग! (उत्तर लांबलंय, सॉरी)

रानजाई: काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की बेडरूममध्ये पुरुषाने हुकूम सोडायचा (म्हणजे 'डॉम') आणि बाईने ऐकायचं (म्हणजे 'सब') हाच निसर्ग, उलटं आवडणाऱ्यांचं काहीतरी बिनसलंय, आणि शंका असेल तर ऑनलाइन टेस्ट द्या, खरी भूमिका कळते. झोप उडाली माझी. माझा नवरा ब्रँच मॅनेजर, दिवसभर दहा-बारा माणसांना कामाला लावतो, आणि घरी आल्यावर त्याला वाटतं की कोणीतरी "गप बस, मी सांगते तसं कर" म्हणावं. हे मला सांगायला त्याला नऊ वर्षं लागली. सांगताना पंख्याकडे बघत होता. मी फिस्सकन हसले, त्याचं अजून वाईट वाटतं. मग जमत गेलं, आता कधीकधी अदलाबदलही करतो. काय बिनसलंय आमचं? ती टेस्ट मीही दिली, ७२ टक्के 'सब' निघाले, पंधरा दिवसांनी परत दिली तर ४०. पत्रिका बरी, ती निदान बदलत तरी नाही.

सडेतोड सातारकर: तो सद्गृहस्थ मीच. तुमच्या चार भिंतींत काय चालतं त्याच्याशी मला देणंघेणं नाही, पण त्याचे झेंडे कशाला? हे सगळं पाश्चात्त्यांचं फॅड, आपल्याकडे असलं नव्हतं.

तिसरी घंटा: नव्हतं?? काका, कामसूत्राचं दुसरं अधिकरण उघडा. प्रहणन, म्हणजे शृंगारात कुठे आणि कसा फटका मारायचा, यावर आख्खा अध्याय आहे, आणि त्याच्या पुढचाच पुरुषायिताचा, म्हणजे बाईने पुरुषाची भूमिका घेण्याचा. बिनसण्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी २०२२ पासून लागू झाली, त्यात दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेलं हे सगळं आजार म्हणून राहिलेलं नाही. मात्र वात्स्यायन डोळे मिटून कौतुक करत नाही हां. कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाने 'कर्तरी' प्रकारच्या फटक्याने राणी मलयवतीचा जीव घेतला हेही तो लिहितो आणि असले प्रकार अनार्य म्हणून झटकतो.

सडेतोड सातारकर: म्हणजे राणी मेली! माझाच मुद्दा झाला ना मग.

तिसरी घंटा: मेली कारण राजाला थांबवायची सोय नव्हती. म्हणून तर सेफवर्ड, म्हणजे म्हटला की सगळं तिथेच थांबतं असा आधी ठरवलेला शब्द.

शुद्धमती: मध्येच बोलते, पण सेफवर्ड, डॉम, सब, आफ्टरकेअर (नंतरची विचारपूस)... एकालाही मराठी शब्द नाही? 'अभयशब्द' का नाही म्हणत?

खारा दाणा: अभयशब्द म्हटलं की अभयारण्य आठवतं. 'पुरे' काय वाईट आहे?

रानजाई: 'पुरे', 'नको', 'सोड' चालत नाहीत हो, ते खेळातही तोंडात येतात. भलताच शब्द लागतो. आमचा 'नारळीभात'. नारळी पौर्णिमेला सासूबाईंनी वाढताना नुसतं विचारलं, "नारळीभात?" हे ताटावर एवढे दचकले की वाटी कलंडली.

खारा दाणा: 😂😂 आम्ही सिग्नलवर चालतो. हिरवा, पिवळा, लाल. पिवळा म्हणजे हळू घे.

शुद्धमती: हसा. पण 'थांबशब्द' तरी घ्या.

खारा दाणा: थांबशब्द म्हणजे एसटीचा विनंती थांबा. हात केला तरी गाडी थांबेल याची खात्री नाही.

उंबरठा: तुमचं कोशकार्य चालू द्या. मला मात्र हसू येत नाही. माझ्या आधीच्या नवऱ्याने कुठूनतरी हे शब्द उचलले आणि मलाच शिकवले, "तू मुळात सब आहेस, तुला स्वतःला कळत नाही." ठरलेला शब्द मी दोनदा म्हटला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, मूड घालवलास, आणि तीन दिवस बोलला नाही. २०२४ मध्ये कायद्याचं नाव बदलून न्याय संहिता झालं, पण बायको सज्ञान असेल तर नवऱ्याच्या जबरदस्तीला बलात्कार न मानणारा अपवाद कलम ६३ मध्ये तसाच राहिला. तिथे माझ्या नारळीभाताला काय किंमत? रानजाई, तुम्हाला पंख्याकडे बघणारा नवरा मिळाला म्हणून भूमिका म्हणजे मज्जा.

रानजाई: हे जरा लागलं. पण तो किंक, म्हणजे राजीखुशीची वेगळी आवड, नव्हता, अत्याचार होता.

उंबरठा: माहितेय मला. त्या वेळी दोन्हीचे शब्द सारखेच होते एवढंच सांगतेय.

रानजाई: ...बरोबर. मी लिहिताना फक्त आमच्या घरापुरतं बघितलं.

वन बीएचके: तुमच्याकडे दाराला कडी तरी आहे. आमची कडी वाजली की हॉलमध्ये सासरे खोकतात. डॉम तेच.

सडेतोड सातारकर: उंबरठाताई, तुमचं वाचून गप्प बसलो होतो. "मुळात सब" हे वाक्य माझ्या पोस्टमध्येही जवळजवळ तसंच आहे. निसर्गवालं वाक्य काढतो. फॅडचं मात्र काढणार नाही, अध्याय असोत नाहीतर नसोत. टेस्ट मीही काल परत दिली. निकाल कोणी विचारू नये.

खारा दाणा: काका!!!

शुद्धमती: अभयशब्दला अजून कोणाचं मत?