उधारी अडकलेल्या चुलतभावाला माफ कसं करायचं?

मिरजवाला: सलाम सगळ्यांना. चुलतभावानं हळदीच्या लागणीला पैसे नेले, नंतर दर पडला म्हणून दिलेच नाहीत, त्यावरनं सांगलीच्या मार्केट यार्डात चार लोकांत बोलाचाली झाली आणि आता समोर आला तरी मान वळवतो. अम्मी म्हणते ईदच्या आत मिटव, पण मन होईना. पैसे सोडूनच द्यायचे का?

कुपवाडचा भाई: पैसे आणि राग वेगळे ठेव रे. कुराणातल्या सूरह बकराची 280वी आयत बघ, कर्जदार अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या, सोडून दिलंत तर अजून चांगलं. म्हणजे सक्ती नाही, पण आत्ता तगादा नको. अबोला मात्र तीन दिवसांच्या वर धरायचा नाही अशी पैगंबरांची हदीस आहे, आणि दोघांत चांगला तो जो आधी सलाम करतो.

विट्याची ताई: मला पैगंबरांचे जवळचे साथी हजरत अबू बक्र यांचं फार वाटतं. मिस्तह त्यांचा गरीब नातेवाईक, त्यांच्याच मदतीवर जगणारा, आणि तोच त्यांच्या लेकीवर, हजरत आयेशांवर, खोटा आळ घेणाऱ्यांत सामील झाला. बापाचं काळीज ते, मदत बंद करायची शपथ घेतली. तेव्हा सूरह नूरची 22वी आयत आली, अल्लाहनं तुम्हाला माफ करावं असं वाटत नाही का? मदत परत चालू केली.

तासगावकर: माफ करा, पण पुढची उधारी लिहून घ्या भाऊ.

कुपवाडचा भाई: बरोबर, सूरह बकराचीच 282वी आयत तेच सांगते, लिहा आणि साक्षीदार ठेवा.

मिरजवाला: जुम्म्याला मशिदीत भेटेलच, सलाम मीच करतो. पैशाचं पुढच्या हळदीला बघू.