सेवकांची कदर: तुमच्या चर्चच्या मंडळीत प्रत्यक्षात काय करतात?

शाल आणि पुष्पगुच्छ सगळीकडेच होतात. पाळक (पास्टर), सेक्स्टन (चर्चची झाडलोट, देखभाल करणारा), शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या) शिक्षिका, गायकवर्ग यांच्यासाठी त्यापलीकडे काय चालतं आणि काय फसतं, ते तपशिलाने लिहा.

खजिनदार, नगर
मानधन आणि भत्ता एका पाकिटात देऊ नका. घरभेटींचं पेट्रोल वेगळं धरलं नाही तर जो पाळक जास्त भेटी देतो त्याच्याच घरात महिनाअखेर चणचण. खेड्यातल्या मंडळीत दानार्पण पावसाळ्यात घटतं आणि पगार लांबतो. हंगामाच्या सणाला लोकांनी अर्पण केलेल्या कोंबड्या, धान्य, भाज्यांचा लिलाव होतो, त्यातून तीन महिन्यांचं मानधन आधी बाजूला काढावं. रंगकाम नंतर.

महिला संघ, पुणे
पाळकगृहात येणाऱ्या प्रत्येकाला चहा लागतो. साखर, दूध, गॅस सगळं पाळकीणबाईंच्या घरखर्चातून जातं. ते मंडळीच्या अंदाजपत्रकात घ्या. आणि बाईंना न विचारता संघाचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात घालू नका.

शिक्षिका, सोलापूर
वर्ग उपासनेच्या वेळीच भरतो, म्हणून शिक्षिकेची उपासना बुडते. प्रत्येक वर्गाला दोघी नेमा, आळीपाळीने. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) रविवारी वर्ग ठेवूच नका, मुलं पालकांजवळ बसू देत. कार्डपेपर, रंग यांचे पैसे आगाऊ द्या. पावती दाखवून मागायचा संकोच वाटतो आणि खर्च पदरचाच राहतो.

वडील मंडळ (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) सदस्य, मुंबई
पाळकांची सुटी सोमवारी. त्या दिवशी अंत्यविधी आला तर मंगळवार द्यायचा, हे ठरावातच लिहा. तोंडी ठरलेली सुटी टिकत नाही. शिवाय १ तीमथ्य ५:१८ वर, म्हणजे ‘मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, कामकऱ्याला मजुरी मिळावी’ या बायबलवचनावर, खुद्द पाळकांनाच उपदेश करावा लागतो, हे जरा विचित्रच! तो शास्त्रपाठ आणि त्यावरचं बोलणं वडील मंडळाने घ्यावं.

खजिनदार, नगर
सेक्स्टनबद्दल राहिलं. वीसपेक्षा कमी नोकर असले की भविष्य निर्वाह निधीची सक्ती नसते, म्हणून म्हातारपणी हाती काही उरत नाही. वय १८ ते ४० असेल आणि प्राप्तिकर भरत नसेल तर सरकारची अटल पेन्शन योजना काढून हप्ता मंडळीने भरावा. वय जास्त असेल तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा: ७० वर्षांपर्यंत, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो. खातं रिकामं असेल तर संरक्षण थांबतं, म्हणून मेचा पगार २५ तारखेच्या आत जमा करा.