गौरीच्या पंगतीत तूप वाढताना हात थरथरतो, आणि त्यावरून घरात भांडण झालं. मदत हवी आहे

नमस्कार. जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

लग्नाला साडेचार वर्षं झाली. सासर चिपळूणजवळच्या एका गावात, आम्ही दोघं नोकरीमुळे ठाण्याला. गावच्या घरात माझे सासू-सासरे आणि थोरले चुलत सासू-सासरे राहतात. आम्ही त्यांना मोठे काका, मोठ्या काकू म्हणतो. चुली वेगळ्या होऊन सहा वर्षं झाली. कारण जागेची वाटणी. त्याच्या तपशिलात शिरत नाही, दोन्ही बाजूंना आपापलं दुःख आहे. एरवी दोन्ही घरं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. गणपती मात्र एकच, आणि त्या दिवसांत स्वयंपाकही एकत्र. एक वर्ष यजमानपण त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे.

आता माझा त्रास. चार माणसांसमोर काही करायची वेळ आली की मला फार दडपण येतं. शाळेपासूनच. ऑफिसात हळूहळू जमायला लागलं, कारण तिथे टेबलामागे बसता येतं. गावच्या पंगतीत मात्र लपायला जागाच नाही. ओटीवर दोन रांगा समोरासमोर बसतात आणि मधल्या वाटेने वाढणारीला जावं लागतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढताना सगळे गप्पांत असतात, कोणाचं लक्ष नसतं. वरण-भात पडला की सगळे हात आवरून बसतात आणि तुपाची वाट बघतात. तूप पडल्याशिवाय कोणी घास घेत नाही. त्या दोन-तीन मिनिटांत ओटी एकदम शांत होते आणि सगळ्यांच्या नजरा वाढणारीच्या हाताकडे.

गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती, गौरीपूजन १ सप्टेंबरला. त्या दिवशी बावीस पानं होती. तूप माझ्याकडे दिलं. सकाळपासून पोटात फक्त दोन कप चहा होता, कारण नैवेद्य व्हायला अडीच वाजले. चौथ्या पानापासून हात थरथरायला लागला. पळी वाटीच्या कडेवर टकटक वाजायला लागली. तो आवाज मला अजूनही ऐकू येतो. मोठ्या काकांच्या पानापाशी पोचले आणि पळीभर तूप भातावर न पडता त्यांच्या कदावर, म्हणजे नेसलेल्या सोवळ्याच्या रेशमी वस्त्रावर, पडलं.

काका काही बोलले नाहीत. काकू बोलल्या, "सवय नाही तर पुढे कशाला करायचं?" त्यावर माझ्या सासूबाई आतून म्हणाल्या, "सवय लावायला घर आपलं वाटावं लागतं." तिथून गोष्ट वाटणीवर गेली. दहा मिनिटांत मोठे काका अर्धं पान टाकून उठले. घावन-घाटलं तसंच राहिलं. मी मागच्या दारी पाणी तापवायच्या चुलीशी जाऊन बसले. त्या दिवशी मी जेवलेच नाही आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मला ठाऊक आहे की भांडण माझ्यामुळे नाही, ते आधीपासूनचंच आहे. पण ठिणगी माझ्या हातातून पडली, हे मनातून जात नाही.

यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. कोकण रेल्वेची तिकिटं ६० दिवस आधी सुटली तेव्हाच नवऱ्याने काढून ठेवली आहेत. तेव्हापासून रात्री अडीच-तीनला जाग येते आणि ओटी डोळ्यांसमोर येते.

अडचण अशी की "मी तूप वाढत नाही" असं सरळ म्हणता येत नाही. यंदा यजमानपण काकूंकडे आहे. मी नको म्हटलं तर "हिला आमच्याकडे राबायला नको" असा अर्थ निघेल. हो म्हटलं आणि पुन्हा तसंच झालं तर सासूबाईंना बोलणं बसेल. वर "यंदा तरी गोड बातमी?" हा प्रश्न दर पानाला एकदा. नवरा म्हणतो, चतुर्थी करून परत येऊ, गौरीला थांबायला नको. पण मला गौरी आवडतात. आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. तोंडात पाण्याची चूळ धरून, कोणाशी न बोलता पाणवठ्यावरून खडे आणायचे. वर्षभरात त्या घरातला तेवढाच वेळ मला खरा मोकळा वाटतो. तो सोडायचा नाहीये.

हात थरथरण्याचं काही करता येईल का? आणि कोणाचीही बाजू न घेता पंगतीतली ही वेळ कशी निभावू?

प्रतिसाद १

तुझं लिहिणं वाचून माझीच पहिली पाच वर्षं आठवली. माझं सासर गुहागरकडचं, आता पासष्टीत आहे. सांगते ते करून बघ.

उथळ वाटी आणि लांब दांड्याची पळी हे थरथरत्या हाताला सगळ्यात वाईट. चोच असलेलं लहान भांडं घे, आतलं तूप अर्ध्याच्या वर नको. भांडं उजव्या हातात, डाव्या हाताने उजवं मनगट खालून धरायचं. ते वाईट दिसत नाही, उलट अदबीनं वाढल्यासारखं दिसतं. कडकडीत पातळ तूप घेऊ नकोस, कोमट असू दे, म्हणजे सांडत नाही. आणि थोरल्यांच्या पानापासून सुरुवात करू नकोस. मुलांच्या टोकाकडून ये. मुलांना घाई झालेली असते, कोणी काही म्हणत नाही, आणि थोरल्यांपर्यंत पोचेस्तोवर हात बसलेला असतो.

दुसरं, आधी काहीतरी खा. नैवेद्याआधी जेवत नाहीत हे बरोबर, पण दूध-केळं चालतं. आमच्याकडे तर सासूबाई स्वतः द्यायच्या.

प्रतिसाद २

मी समुपदेशक आहे. इथे निदान करणार नाही, पण काही गोष्टी उपयोगी पडतील.

हात थरथरतोय का, हे आपण बघत राहिलो की तो जास्त थरथरतो. लक्ष बोटांवरून काढून पानावर न्यायचं. भाताची मूद कुठे आहे, तूप कुठे पडायला हवं, एवढंच बघायचं. श्वास सोडायला घ्यायच्या दुप्पट वेळ द्या, तीन आकडे आत, सहा आकडे बाहेर. हे आजपासून रोज करा. थेट ओटीवर पहिल्यांदा केलं तर उपयोग होत नाही. उपाशी पोटी दोन कप चहा आणि वर जागरण, यानं कोणाचाही हात हलेल, हेही लक्षात घ्या.

सराव लहान पायऱ्यांनी करा. या रविवारी घरी दोघांना वाढा, पुढच्या रविवारी चार मैत्रिणींना बोलवा, आणि त्यांच्यापैकी एकीला आधीच सांगून ठेवा की हात हलला तर हलू दे. थोडं सांडलं तरी पुढे जायचं, हाच खरा सराव आहे. टाळत गेलं की भीती वाढते, म्हणून गौरीला थांबायचा तुमचा विचार मला योग्य वाटतो.

रात्रीची जाग अशीच राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारांनी अशा त्रासात चांगला फरक पडतो. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं. थरथर थांबवायची गोळी मिळते म्हणून परस्पर कोणाकडून घेऊ नका. दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते, डॉक्टरच ठरवतील.

प्रतिसाद ३

वाटणीबद्दल. आमच्याकडे रत्नागिरीला हेच अकरा वर्षं चाललं. मूळ दुखणं हे की या विषयाला वर्षभर जागा मिळत नाही, म्हणून तो सणाच्या पानावर येतो. तुमच्या नवऱ्याने आणि चुलत दिरांनी गणपतीनंतरचा एखादा दिवस ठरवावा आणि तसं आधीच दोन्ही घरांना कळवावं. "नवरात्राआधी बसू" एवढं जरी म्हटलं तरी पंगतीत कोणी विषय काढला की सांगता येतं, बसणार आहोतच.

शेतजमीन असेल आणि सगळ्या सहहिस्सेदारांची संमती असेल तर तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं. घराची नोंद बहुधा सातबाऱ्यावर नसते, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बघा. दोन्ही कागद आधी काढून ठेवा. आमचं अर्धं भांडण कागद न बघता चाललं होतं. हे काम मात्र मुलांनी करायचं, सुनेने नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही, कारण वाचून रडू आलं.

नवऱ्याशी बोलले. त्याने चुलत दिरांना फोन केला, दसऱ्याआधीच्या रविवारी बसायचं ठरतंय. गोड बातमीचा प्रश्न आला तर उत्तर तो देणार, मी नाही. काल चौघींना जेवायला बोलावलं होतं. चोचीच्या भांड्याने तूप वाढलं. तिसऱ्या पानाला हात हलला, पण भांडं वाजलं नाही. पळी नव्हतीच.

आणि आज सकाळी मी मोठ्या काकूंना फोन केला. यजमानपण त्यांचं, म्हणून घाटल्याला गूळ किती लागेल ते विचारायच्या निमित्ताने. धीर करून म्हटलं, काकू, गेल्या वर्षी माझ्या हातून काकांच्या कदावर तूप पडलं, मला अजून वाईट वाटतं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, तो डाग त्याच दिवशी गेला. यांना विचारलंस तर आठवणारही नाही. तू जेवली नव्हतीस ते मला रात्री भांडी मोजताना कळलं." मग म्हणाल्या, यंदा तूप मुलांच्या बाजूने तू घे, थोरल्यांच्या बाजूने मी घेते.

आता एकच विचारायचं आहे. हा फोन सासूबाईंना सांगितलेला नाही. नंतर बाहेरून कळलं तर त्यांना लागेल की मी परस्पर तिकडे बोलले. आधी सांगितलं तर "माफी मागायला तूच का गेलीस?" असं म्हणतील. गावी पोचल्यावर समोरासमोर सांगू, की आजच फोन करू? अशा घरात राहिलेल्या कोणी सांगाल का?