फाशी होऊनही जगला, तर सुटतो का?

महालवाला: ऑफिसला जाताना रोज वर्धा रोडवर जेल लागतं. काल टपरीवर त्यावरूनच विषय निघाला. एक काका म्हणे, दोर तुटला की कैदी सुटतो, तसा कायदाच आहे. खरं आहे का हे? पूर्वी कोणी असं वाचलं होतं का?

सिव्हिल लाइन्स: नाही जी, असा कायदा नाही. शिक्षेतच 'मरेपर्यंत फाशी' असं लिहिलेलं असतं. इंग्लंडात १८८५ साली जॉन लीच्या पायाखालची फळी तीनदा उघडलीच नाही. त्याचीही शिक्षा सरकारनं बदलून जन्मठेप केली, म्हणून तो वाचला.

धंतोलीकर ताई: मी फिजिऑलॉजी शिकवायची, तेव्हा ॲन ग्रीनबद्दल वर्गात हमखास सांगायची. ऑक्सफर्ड, डिसेंबर १६५०. ती एका मोठ्या घरची मोलकरीण, तिला फाशी दिली. तेव्हा खाली पडायला उंची फार नसे, त्यामुळे मान मोडायची नाही, माणूस गुदमरून मरायचा. तिचे हाल लवकर संपावेत म्हणून तिच्याच माणसांनी पाय धरून खाली ओढलं. अर्ध्या तासानं उतरवून प्रेत चिरफाडीसाठी डॉ. विल्यम पेटींकडे नेलं. शवपेटी उघडली तर तिच्या घशात घरघर! डॉ. पेटी आणि डॉ. थॉमस विलिस यांनी चाकू बाजूला ठेवला. तोंडात गरम पेय घातलं, पिसानं घसा खाजवला, हातपाय चोळले, मग ऊबदार अंथरुणात शेजारी एका बाईला निजवलं. ॲन बोलायला लागली.

लोक याला चमत्कार म्हणतात. मला राग येतो तो आरोपाचा, की तिनं आपलं नवजात मूल मारलं. मूल अपुऱ्या दिवसांचं, मेलेलंच जन्मलं होतं. पण १६२४ च्या कायद्यानं, लग्न न झालेल्या बाईनं मेलेलं मूल लपवलं की ती खुनी. मूल मेलेलंच जन्मलं हे तिनंच सिद्ध करायचं. तिनं बाप म्हणून मालकाच्या नातवाचं नाव घेतलं होतं. फासावर गेली ती एकटी. एडिंबरोची मॅगी डिक्सन, १७२४, तीही बाळंतपण लपवल्याच्या आरोपातच लटकली आणि प्रेत नेताना वाटेत शुद्धीवर आली.

महालवाला: ताई, ॲनला पुन्हा नेलं का हो फासावर?

धंतोलीकर ताई: नाही रे बाबा, माफी मिळाली. पुढे लग्न झालं, तीन मुलं झाली. तो कायदा मात्र १८०३ पर्यंत होता, आणि डॉक्टरच्या टेबलावर शुद्धीवर येण्याचं नशीब बाकीच्या पोरींना कुठलं!