जनावर आडवं आलं तर स्टेअरिंग फिरवायचं की नाही?

तापीकाठ:
मागच्या गुरुवारी रात्री साडेनऊला चोपड्याहून यावलकडे येत होतो. दोन्ही बाजूला केळी पार साइडपट्टीपर्यंत, आतून काय निघेल ते दिसतच नाही. डावीकडून रानडुक्कर निघालं, सवयीने हात उजवीकडे वळला आणि समोर केळीने भरलेला ट्रक. कसाबसा परत लेनमध्ये आलो. मागे बायको पोराला घेऊन बसलेली, घरी येईपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. डुकराला खरचटलंही नाही, आम्ही तिघं गेलो असतो.
तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, चारचाकीत असाल तर स्टेअरिंग सरळ धरा, ब्रेक पूर्ण दाबा, आणि बसली धडक तर बसू द्या, बंपर नवा मिळतो. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पायाखाली पेडल थरथरतं, त्याला घाबरून पाय काढू नका.

बोदवडचा शेतकरी:
"बसू द्या धडक" हे वाचून वाईट वाटलं भाऊ. डुक्कर ठीक आहे, पण संध्याकाळी गुरं घरी येतात तेव्हा? दोन वर्षांपूर्वी आमची सात महिन्यांची गाभण म्हैस एका कारवाल्याने उडवली, गाडी थांबवलीसुद्धा नाही. म्हैस रात्रभर रस्त्याच्या कडेला पाय घासत होती, डॉक्टर सकाळी आले. ती काय बंपर होती का? गाव आलं की स्पीड कमी करायला काय जातं?

धुळे बायपास:
दादा, वाईट झालं, पण रात्री हायवेवर मोकाट बसलेल्या गाईंचं काय? डांबर गरम असतं म्हणून पावसाळ्यात मधोमध येऊन बसतात, काळी गाय काळ्या रस्त्यावर दिसतच नाही. दूध आटलं की सोडून देणारे आपलेच लोक आहेत. पूर्वी गावोगावी कोंडवाडे होते, दंड भरल्याशिवाय गुरं सुटायची नाहीत, आता कितीक ठिकाणी नुसत्या भिंती उरल्यात. ड्रायव्हरनेच सगळं सांभाळायचं हे मला पटत नाही.

बोदवडचा शेतकरी:
सोडून देणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. पण २०१५ पासून बैलही कापायला बंदी आहे, म्हातारा बैल विकत कोणी घेत नाही, आणि दुष्काळात कडबा कुठून आणायचा? गरीब माणूस दावं कापतो, मग रात्री त्यालाही झोप लागत नसेल.

रोजची बाईक:
तुमचं सगळं चारचाकीचं चाललंय. मी रोज जळगाव भुसावळ करतो. बाईकवर सरळ जाऊन धडकलं तर बंपर म्हणजे माझं डोकं. नशिराबादजवळ कुत्रं आडवं आलं, मी घाबरून नुसता पुढचा ब्रेक आवळला, कडेची बारीक खडी होती, चाक सरकलं आणि कॉलरबोन गेलं. हेल्मेट होतं म्हणून हे टाइप करतोय. आता दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू जोर वाढवत मारतो, आणि जागा असेल तर जनावराच्या शेपटीकडून काढतो, तोंडाकडून नाही.

धुळे बायपास:
शेपटीकडून काढायचं गाईला चालतं, कुत्रं मात्र निम्म्यातून मागे फिरतं. त्याचा भरवसा धरू नका.

सातपुडा पायथा:
तापीकाठ भाऊ, सरळ धरा हे रोहीच्या, म्हणजे नीलगाईच्या, बाबतीत अर्धवट आहे. नर रोही दोन-अडीचशे किलोचा असतो, पाय उंच. कारचा पुढचा भाग पायांना लागतो आणि सगळं धूड काचेवर येतं. मी अशी एक गाडी पाहिलीय, बंपरला एक ओरखडा आणि ड्रायव्हरच्या बाजूचा टप पार खाली दबलेला. म्हणून धडकायच्या आधी जेवढा स्पीड उतरवता येईल तेवढा उतरवायचा. आणि एक रोही गेली म्हणून लगेच ॲक्सिलरेटर द्यायचा नाही, कळपाने असतात, दुसरी तिसरी मागे येतेच.

तापीकाठ:
रोहीचं मान्य, ते माझ्या डोक्यात नव्हतं. पण वळवायचं नाही यावर मी ठाम आहे, समोरून गाडी येतेय का हे त्या अर्ध्या सेकंदात कळतच नाही.
काल बसून हिशोब केला. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे गेले, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून ३५ एक मीटर, म्हणजे ५७. लो बीममध्ये मला ४०-५० मीटरच्या पुढचं धड दिसत नाही. ६० ला तेच सगळं ३७ मध्ये होतं. म्हणजे त्या रात्री चूक वळवण्याच्या आधीच झाली होती, काटा ८५ वर होता.
बोदवडच्या दादा, म्हशीचं वाचून खरंच वाईट वाटलं. मी तसं लिहायला नको होतं.

बोदवडचा शेतकरी:
असू द्या. मी आता गुरांच्या गळ्यात रेडियमचा पट्टा बांधतो, बैलांच्या शिंगांनापण पट्टी मारलीय. लांबून दोन ठिपके चमकतात, ते दिसले की ब्रेकवर पाय ठेवा.